सात दोनचं फाटक

सकाळचे सात. दुर्गजवळच्या रिसालीतल्या एका गल्लीत भागाबाई मैदानाकडून येणाऱ्या बोळाच्या तोंडाशी दोन रिकाम्या डब्यांवर बांबू आडवा टाकत आहेत. बांबू कपडे वाळवायचा आहे. मधोमध बांधलेली लाल झेंडी मात्र खरी, रेल्वेची.

भागाबाई मूळच्या गोंदियाकडच्या. गँगमन नवरा गेल्यावर त्यांना नोकरी मिळाली आणि दुर्ग लाइनीवरच्या एका फाटकावर त्या निवृत्त होईपर्यंत गेटमन होत्या. बाई असली तरी हुद्दा गेटमनच. फाटक बंद केलं की स्टेशनला फोन करून एक आकडा सांगायचा. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो मिळाल्याशिवाय गाडीला सिग्नल नाही.

आजची गाडी वरच्या खोलीत आहे. त्यांची भाडेकरू चिसोमो, आफ्रिकेतल्या मलावी देशाची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. आज तिची प्रॅक्टिकल परीक्षा. कॉलेजची बस मेन रोडवर सात दहाला येते आणि कोणी उभं दिसलं नाही तर पुढे जाते.

सोमवारपासून ती कॉलेजला गेलेली नाही. बोळातून दोन मोटरसायकली रोज तिच्या मागे लागायच्या. पोरं 'कालिया' म्हणून ओरडत व्हिडिओ काढायची. सोमवारी एकाने चालत्या गाडीवरून तिची वेणी ओढली. ती पडली. पोलिसांत तक्रार दिली आहे, पण परीक्षा तपासासाठी थांबत नाही.

गल्लीतही सगळे तिच्या बाजूचे नाहीत. समोरच्या तेजरामांनी, तेही रेल्वेचेच, परवा बजावलं होतं, "वहिनी, खोली खाली करून घ्या. मोहल्ल्याले ताप कायले?"

"मोटरसायकलवाल्यायले सांगा ना मोहल्ला खाली कराले," भागाबाई म्हणाल्या होत्या.

पांढऱ्या युनिफॉर्ममधली चिसोमो जिन्यातच थांबते. "आंटी, मैं नहीं जाएगी."

"कावून? फाटक टाकलं मी. तू नाही गेली तर माही नोकरी जाते."

"आपका नौकरी तो कब का खतम!"

"म्हणूनच भेव नाही. चाल. पण पळू नको."

सात दोन. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, मेन रोडवर, माजी गार्ड पंजाबराव दोन झेंड्या घेऊन उभे आहेत. भागाबाई त्यांना फोन लावतात.

"गेट बंद. प्रायव्हेट नंबर चार-सात."

"चार-सात. सोडा गाडी."

चिसोमो निघते. शेजारची नीतू अंगण झाडता झाडता झाडूसकट तिच्या सोबतीला येते. तेवढ्यात बोळातून मोटरसायकलींचा आवाज. पण त्यांच्या पुढे स्कूटर आहे, तेजरामांची, दुधाचा डबा घेऊन. लाल झेंडी दिसताच तेजराम ब्रेक मारतात, इंजिन बंद करतात, पाय टेकवून उभे राहतात. मागे हॉर्न सुरू. एक पोरगा उतरून बांबूला हात घालतो.

"ए! हात लावू नको!" तेजराम गरजतात. "गेट बंद दिसत नाही? जेल होते, जेल!"

"चाचा, पटरी किधर है?"

"पटरी मले शिकवतं? हयात गेली माही पटरीवर! मागं घे गाडी!"

स्कूटर आडवी होते. दूध हिंदकळतं. भागाबाई वळूनही पाहत नाहीत. त्यांची नजर मेन रोडवर आहे, कारण बस आज लवकर आली आहे आणि चिसोमो अजून गल्लीत आहे.

पंजाबराव सरळ रस्त्यात उतरतात आणि लाल झेंडी पसरतात. बस करकचून थांबते. ड्रायव्हर ओरडतो, पंजाबराव ढिम्म. आता चिसोमो पळते. नीतू झाडू उंचावून मागे. दार उघडतं, ती चढते. हिरवी झेंडी!

पंजाबरावांचा फोन येतो. "गाडी पास. प्रायव्हेट नंबर तीन-नऊ."

भागाबाई बांबू उचलतात. मोटरसायकली केव्हाच मागे फिरल्या आहेत.

"कोणती गाडी होती?" तेजराम विचारतात.

"चिसोमो."

तेजराम बांबूकडे पाहतात, मग रिकाम्या गल्लीकडे. "फसवलं तुम्ही मले, वहिनी."

"मी कुठं काय बोलली?"

तेजराम पायाने बांबूखालचा डबा हलवून बघतात. "हे हलून राहिले. असं गेट नाही चालत. अन् बांबूले लाल-पांढरे पट्टे पाहिजेत."

संध्याकाळी तेजरामांच्याच ओट्यावर बांबूचा रंग वाळतो आहे. परीक्षेचा दुसरा भाग उद्या आहे. बस सात दहाला. फाटक सात दोनला पडेल.