तिसऱ्या प्रतीसाठी घर

निवृत्त झाल्यावर मी घरात सर्व्हर बसवला. बेळगावजवळच्या पिरनवाडीतल्या माझ्या दोन खोल्यांना त्याची काही गरज नव्हती. पण पंचवीस वर्षं एका कारखान्याच्या सर्व्हर खोलीत काढलेली, पंख्याच्या घरघरीशिवाय करमेना. त्या एका पेटीत मी चार संगणक चालवतो. खरे नव्हेत, आभासी. एक फोटोंसाठी, एक दारावरच्या कॅमेऱ्यासाठी, एक जुन्या कागदपत्रांसाठी आणि एक नुसताच, काहीबाही करून बघायला. पेटीत चौघे आणि घरात मी एकटा. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारेही आता उरले नाहीत.

डिस्कची आखणी करायला मी पंधरा दिवस घेतले. स्वभावच किरकिरा, त्याला इलाज नाही. चार संगणक चालायला एक लहान पण वेगवान डिस्क. फोटो आणि कागदपत्रांसाठी एक मोठी, आणि तिला जोडीदार म्हणून तेवढीच दुसरी. पहिलीवर लिहिलं की त्याच क्षणी दुसरीवर उमटतं, म्हणजे एक गेली तरी काम अडत नाही. या दोन्ही मी मुद्दाम वेगवेगळ्या दुकानांतून आणल्या, कारण एकाच खोक्यातून आलेल्या डिस्क एकदमच मान टाकतात, हे मी कारखान्यात भोगलेलं आहे.

पण जोडी म्हणजे बॅकअप नव्हे, हे तिथल्या साहेबांना सांगून सांगून माझा घसा बसला होता. चुकून एखादा फोटो पुसला तर तो दोन्हीकडून पुसला जातो. चोर आला तर पेटीच उचलून नेतो. म्हणून तिसरी प्रत हवी, वेगळ्या डिस्कवर, आणि ती दुसऱ्या घरात. कागदावर मी 'दुसरं घर' असं लिहिलं आणि पेन्सिल तिथेच थांबली.

शेजारी सज्जन आहेत. फाटकाशी दिसलो की 'ऊट आयता?' म्हणून जेवणाची चौकशी करतात आणि मी जेवलो नसलो तरी 'आयतु' म्हणतो. एवढ्या ओळखीवर कुणाच्या घरात आपली वस्तू ठेवता येत नाही. बरोबरीचा एक मित्र खानापूरला होता, तो मुलाकडे पुण्याला गेला. शेवटी बँकेत लॉकर मागायला गेलो. अर्जात वारसाच्या नावाचा रकाना होता. काउंटरवरच्या बाईंनी आधी कन्नडमधून आणि मग हिंदीतून विचारलं, कुणाचं नाव लिहू? उद्या येतो म्हणून मी उठलो. बाहेर बसथांब्यावर उभा राहिलो आणि फार एकटं वाटलं. त्याआधी मी ते असं स्वतःशी कधी कबूल केलं नव्हतं.

नाव नव्हतं असं नाही. माझी थोरली बहीण, आक्का, बोरगावात असते. तिला मी तीन वर्षांत फोन केला नव्हता. दाजी शेवटच्या आजारात बेळगावला दवाखान्यात होते, माझ्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटं. मी दोनदा गेलो. त्याच दिवसांत कारखान्यात जुन्या सर्व्हरवरची माहिती नव्यावर न्यायची होती, ती मी एक अक्षर न हरवता नेली. आक्का एकटी दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली. त्यावरून ती मला कधी बोलली नाही, आणि त्यामुळेच तिच्यासमोर जायची मला लाज वाटत होती.

डिस्क टॉवेलात गुंडाळून मी निपाणीची गाडी पकडली, तिथून बोरगाव. आक्कानं दार उघडलं. मुलगी लग्न होऊन सांगलीला, त्यामुळे आक्काही घरात एकटीच. "ये रं," एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली, जणू मी मागच्या आठवड्यात येऊन गेलो होतो.

डिस्क बघून तिनं विचारलं, "काय हाय ह्यात?"

मी लॅपटॉप उघडून दाखवलं. आमच्या घरचा अल्बम मी सगळा स्कॅन केला होता. तिच्या लग्नातला फोटो आला, त्यात दाजी फेट्याला वैतागलेले. ती ते बराच वेळ बघत राहिली.

"हे तुझ्याकडं ठेव," मी म्हणालो. "ओल लागू दिऊ नको. दर महिन्याला येऊन मी नवीन फोटो भरून जातो."

"दर महिन्याला?" तिनं विचारलं.

मी व्हय म्हणालो.

दुसऱ्या महिन्यात गेलो तेव्हा डिस्क साडीच्या तुकड्यात बांधून तिजोरीत होती. तिसऱ्या महिन्यात, उन्हं कडक झाली तेव्हा, ती लॅपटॉपला जोडली तर आतून नुसती टकटक. पुन्हा जोडली, केबल बदलली. डिस्क गेली होती.

"आक्का, काय केलंस ह्याला?"

"काय न्हाय. उन्हात ठेवलतं चार दिस. गच्चीवर, सांडग्यांसंगं." तिनं जरा थांबून सांगितलं, "गोळा करताना एकदा पडलं."

"उन्हात? कुणी सांगितलं तुला?" माझा आवाज चढला. कारखान्यात पोरं माझ्या त्या आवाजाला घाबरायची.

"ओल लागू दिऊ नको म्हणालतास की."

म्हणालो होतो. आणि ओल लागू नये म्हणून आमच्या घरात जे आजवर केलं तेच तिनं केलं होतं. पापड, सांडगे, गाद्या आणि माझी तिसरी प्रत. मी आवाज खाली आणला. मग तिला समजावलं, की काही हरवलेलं नाही, घरी आणखी दोन प्रती आहेत, दाजींचे फोटो जिथल्या तिथे आहेत.

ती ऐकत होती, पण तिचं लक्ष त्यात नव्हतं. सूर्य कलला होता आणि जैन रीतीप्रमाणे ती अंधार पडल्यावर जेवत नाही, म्हणून तिनं दोन ताटं वाढून आणली. माझ्यासमोर एक ठेवताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता हे बिघडलं म्हंजे तू यायचा न्हाईस, व्हय?"

"नवीन घिऊन येतो की," मी म्हणालो.

"मोकळ्या हातानं आलास तरी चालतंय."

 दवाखान्यातला तो बाक डोळ्यांपुढे आला, तिच्या शेजारची जागा रिकामी असलेला. आक्का पहिला घास न घेता माझी वाट बघत होती, उजेड कमी होत होता. मी ताट पुढे ओढून घेतलं आणि जेवायला सुरुवात केली.