केदारनाथाआधी राजूर

केदारनाथला जायचं ठरलं तेव्हा मी देवावर थोडा रागावूनच होतो, हे आधी कबूल करतो. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन गावोगाव फिरलो, जालन्यात मस्तगडला स्वतःचं भांड्यांचं दुकान उभं केलं. यात ना भावकी कामाला आली ना देव, असा माझा दावा होता. नवस होता बायकोचा. मला टायफॉईड झाला तेव्हा तिनं तो केला आणि मी आज-उद्या करत अकरा वर्षं काढली. आता तिचे गुडघे बोलायला लागले होते. यंदा नाही तर कधीच नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

चैत्रातल्या जालन्याच्या उन्हात आम्ही स्वेटर घालून बघितले. यात्रा नेणाऱ्या माणसाशी मी तीन दिवस भाव केला. तिसऱ्या दिवशी तो हात जोडून म्हणाला, "शेठ, फुकट चला, पण आता बोलू नका." मी मोठ्या आनंदात घरी आलो, तर बायको ट्रंकेपाशी बसलेली.

"दादांचा निरोप घेतल्याबिगर मी गाडीत पाय ठेवणार न्हाई," ती म्हणाली.

आमच्याकडं रीतच आहे. एवढ्या उंच, बर्फातल्या देवाला निघालेला माणूस परत येईलच असं नाही. म्हणून ज्याच्याशी बोलणं बंद, त्याच्या दारी आधी जायचं, पाया पडायचं, मगच निघायचं. माझं बोलणं बंद होतं ते हसनाबादच्या थोरल्या भावाशी. सहा वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नाची अक्षत त्यानं माझ्या हातात न देता दुकानाशेजारच्या पानवाल्याकडं ठेवली होती. सख्ख्या भावाची अक्षत पानवाल्याकडं! मी लग्नाला गेलो नाही.

"कार्ड टाकतो," मी म्हणालो.

"पाया कार्डानं पडत असतात व्हय?"

"मंग वेशीपर्यंत जातो."

तिनं ट्रंकेतले स्वेटर काढले आणि एकेक करून दोरीवर वाळत घातले. ते ओले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हसनाबादची एस.टी. धरली.

वाटेत राजूरला उतरलो. चतुर्थी होती, टेकडीवरच्या गणपतीला गर्दी होती. मी खालूनच हात जोडले आणि देवापुढं सौदा ठेवला : मी हसनाबादला जातो, पण दादा घरी नसू दे. म्हणजे बायकोला सांगायला मी गेलोही आणि कुणापुढं वाकलोही नाही. बदल्यात एक नारळ.

नारळवाली मावशी मात्र भाव उतरवेना.

"ह्याच्यात पाणी तरी हाये का बिलकुल?" मी नारळ कानाशी हलवला.

"तुमच्या डोळ्यात न्हाई इतकं हाये."

"बराबर बोला, न्हाईतर राहू द्या!"

"राह्यला. अन् हळू बोला, वर गणपती दचकला."

मी असा भडकलो की पायऱ्यांवरची माणसं थांबली. तेवढ्यात मागून आवाज आला, "कोन? बारक्या का रे?"

काठी पुढं टेकत दादा उभा होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तो माझ्या बाजूला बघत होता, पण माझ्याकडं नाही.

"आवाजावरून वळखलं," तो म्हणाला. "दर चतुर्थीला येतो मी हितं. एवढ्या जोरात भांडनारं आपल्या घरात दुसरं कोनी न्हाई."

नमस्कार वगैरे राहिला बाजूला. सहा वर्षं तोंडात धरलेलं बाहेर पडलं. "अक्षत पानवाल्याकडं कामून ठेवली?"

"आल्तो ना मी दुकानात. तू एका गिऱ्हाइकाशी घागरीवरून भांडून राह्यला व्हतास. लई येळ पायरीवर उभा राह्यलो. यष्टीची येळ झाली."

"मंग हाक मारायची!"

"मारली की. तू मान वर न करता म्हनलास, 'घ्यायचं असंल तर घ्या, न्हाईतर पुढं व्हा.' मंग मी पुढं झालो."

मावशी तोंडाला पदर लावून हसत होती. मी तिथंच, धुळीत, वाकलो. दादाचा हात माझं डोकं शोधत आधी कानावर पडला, मग डोक्यावर.

देवानं माझं मागणं अक्षरशः मान्य केलं होतं. दादा घरी नव्हता. मावशीनं पहिल्याच बोलीला नारळ दिला असता, तर मी पुढच्या गाडीनं गेलो असतो, रिकामं घर बघून खुशीत परतलो असतो आणि आम्ही दोघं त्या गर्दीत एकमेकांना चुकलो असतो. तिला कुणी पाठवलं होतं, यावर मी वाद घालत नाही. एवढंच सांगतो, तिनं ऐकलं नाही म्हणून मला दादा मिळाला.

यात्रेचं कळल्यावर दादा हळूच म्हणाला, "मलाबी ने. हाये तेवढं दिसून राह्यलं तवर."

आम्ही तिघं गेलो. बायको डोलीत, आणि शेवटच्या चढावर दादाचा हात माझ्या खांद्यावर. दर वळणावर तो विचारी, "आता काय हाये रे समोर?" मी आयुष्यात मालाशिवाय कशाकडं निरखून बघितलं नव्हतं. पण त्याला सांगायचं म्हणून बघू लागलो : बर्फाची कड, तिच्यावरचं कोवळं ऊन, खाली पांढरी फेसाळ नदी. शब्द अपुरे पडत. तो म्हणे, "सांग, सांग." देऊळ दिसलं तेव्हा मात्र माझ्या तोंडून काही निघेना. दादानं थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग माझ्या खांद्यावरचा हात काढून दोन्ही हात जोडले.