बंदरोबंदरची खीर

मांडवीला आमच्या शेजारी एक म्हातारे खलाशी राहायचे. पानात तांदळाची खीर पडली की ते म्हणायचे, "हिला गोव्यात आर्रोज दोस म्हणतात, इराणात शीरबिरिंज."

"काका, आणि लंकेत?" आम्ही हसायचो. गावाला त्या सगळ्या थापाच वाटायच्या.

ताईच्या साखरपुड्याला खीर करपली. व्याह्यांनी वाटी बाजूला सारली. वडिलांचा चेहरा उतरला. काकांनी मोठ्ठा भुरका मारला. "वा! मिसर देशात मुद्दाम करपवतात. बड्या लोकांची खीर!"

व्याह्यांनी वाटी पुन्हा ओढली, वर आणखी मागितली.

मागीलदारी हात धुताना मी काकांना त्या खिरीचं मिसरातलं नाव विचारलं.

"कसलं नाव? मिसराला आमची बोट कधी लागलीच नाय!"

पुढे मीही बोटीवर गेलो. त्यांची बाकीची नावं खरी निघाली. तरी गाव त्यांना थापाडे म्हणत राहिलं, आणि मी ते खोडलं नाही; खोडलं असतं तर मिसरची गोष्ट निघाली असती. थाप त्यांनी एकदाच मारली होती, आमच्या घरासाठी.