नऊ तासांची विश्रांती

"खोटं बोलतोय तो. नऊ तास गाडी उभी होती, हे तुमचंच यंत्र सांगतंय ना?" मॅनेजर काळेसाहेबांनी एक गोल कागदी चकती माझ्या टेबलावर टाकली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मी ट्रान्सपोर्ट सुपरवायझर होतो. आदल्या दिवशी दुपारी सव्वाचारला सळई भरलेला आमचा ट्रक वडीगोद्रीत रस्ता सोडून एका पंक्चरच्या दुकानात घुसला. छपराचा खांब मोडला. दुकानदार समोर चहाला गेला होता, म्हणून वाचला. ड्रायव्हर होता कचरू खरात. वीस वर्षांच्या नोकरीतला त्याचा पहिला अपघात. "झोप मिळाली नव्हती, डोळा लागला" एवढंच त्याने जबाबात लिहून दिलं होतं.

काळेसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. सोलापूरची खेप टाकून कचरू सकाळी सहाला मिलमध्ये आला. तीनला पुन्हा निघाला. मधले नऊ तास झोपायला होते. तेव्हा झोपला नाही, हा त्याचा दोष. कामावरून काढायचं पत्र टाइप करून तयार होतं, माझी सही तेवढी बाकी होती.

"संध्याकाळपर्यंत थांबा," मी म्हणालो.

आमच्या गाड्यांना टॅकोग्राफ होता. स्पीडोमीटरच्या मागे बसवलेला रेकॉर्डर. त्यात मेणाचा लेप दिलेली चकती घालायची. ती चोवीस तासांत एक फेरा घेते आणि बारीक सुया तिच्यावर ओरखडे काढतात. बाहेरच्या बाजूला वेग, आतल्या बाजूला गाडी हलली की उभी होती ते. ड्रायव्हर थकला, असं हे यंत्र बोलून दाखवत नाही. ते वाचणाऱ्याने ओळखायचं. ताज्या माणसाच्या वेगाची रेघ करवतीसारखी बारीक दातांची असते. पेंगणाऱ्याची रेघ सावकाश खाली घसरते आणि दचकून एकदम वर चढते.

मी भिंग लावलं. अंबड सोडल्यावर रेघ तीनदा घसरली होती, तीनदा वर चढली होती. चौथ्यांदा थेट शून्यावर आली होती. म्हणजे कचरू झोपेशी झगडत आला होता.

मग मी सहा ते तीनचा भाग पाहिला. तो कोरा असायला हवा होता. पण आतल्या पट्टीत बारीक ठिपके होते. मोजले तर एकवीस.

कचरू गेटवर बाकड्यावर बसला होता. मला बघून उठला.

"कचरूभाऊ, काल नऊ तासांत झोपलात किती?"

"कुठं झोपतो साहेब? भरायच्या रांगेत होतो. पुढची गाडी सरकली का मागचा हॉर्न मारून राह्यला. जागा सोडली तर नंबर जातो."

"मग क्लीनरला सांगायचं ना गाडी सरकवायला."

तो हळूच म्हणाला, "ते तुमीच बंद केलं न्हाई का?"

खरं होतं. वर्षभरापूर्वी एका क्लीनरने गाडी मागे घेताना कंपाउंडची भिंत पाडली होती. तेव्हा आवारात लायसनवाल्यानेच गाडी हलवायची, असा नियम मी काढला होता. नोटीस बोर्डावर अजून लागलेला होता.

मी चकती घेऊन काळेसाहेबांकडे गेलो. "हे एकवीस ठिपके बघा. प्रत्येक ठिपका म्हणजे गाडी एक नंबर पुढं सरकली. अर्धा ताससुद्धा सलग मिळाला नाही त्याला."

"म्हणजे चूक कुणाची म्हणायची?"

"निम्मी माझी. नियमावर सही माझी आहे."

त्यांनी टोपी घातली आणि ते रांगेकडे निघाले. दुपारचे दोन वाजले होते, वैशाख होता. एका ट्रकच्या केबिनमध्ये ते चढून बसले. अर्ध्या तासात मागून दोनदा हॉर्न वाजला. खाली उतरले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"ते पत्र फाडा," एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात, जागा सोडली तरी नंबर जाऊ नये म्हणून टोकन सुरू झालं. वजनकाट्यामागच्या खोलीत चार खाटा आणि एक पंखा आला. रांगेतल्या गाड्या सरकवायला लायसनवाला एक माणूस नेमला. वडीगोद्रीच्या दुकानाचा खांब मिलने बसवून दिला. कचरू स्वतः दुकानदाराची माफी मागून आला.

पंधरा दिवसांनी तो कामावर रुजू झाला. दुपारी खोलीत डोकावलो, तर खाटेवर उघड्या डोळ्यांनी पडलेला.

"काय कचरूभाऊ, झोप येईना?"

"येईल साहेब. पण कान अजून हॉर्नकडंच हायेत."

त्याला सवय व्हायला महिना लागला. तोवर त्याला लांबची खेप मी दिली नाही.

तीन वर्षं मी रोज चकत्या वाचत होतो. वेग बघायचो, थांबे बघायचो, विश्रांतीचा भाग न बघताच पुढे जायचो. गाडी उभी आहे म्हणजे माणूस आडवा झालाय, असं धरून चालू नये.