आधी खिसे टेबलावर

अठ्ठावीस बोरची दुनळी बंदूक विकत घ्यायला औने रौतिओ दुकानात गेली, तेव्हा काउंटरवरच्या पोऱ्याने तिला विचारलं होतं, "मुलाला द्यायचीय का, बाई?"

"मला हवीय," औने म्हणाली. "आणि तू जो बारा बोरचा ओंडका पुढे करतोयस ना, तो घरी ने. दाराला अडसर म्हणून लाव."

आकडा वाढतो तशी नळी बारीक होत जाते, हे शिकाऱ्याच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण बारीक नळी म्हणजे बायकापोरांची, हे कोणी ठरवलं? आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात भलीमोठी पातेली उचलायची आणि सुट्टीच्या दिवशी अ‍ॅस्पेनच्या कोवळ्या झाडोऱ्यात, चिखलात, काट्यांत दिवसभर हिंडायचं. तित्तिर उठतो तो पायाखालून, आणि मान वळवेपर्यंत झाडाआड गेलेला असतो. तोवर जड बंदूक वर आलेलीसुद्धा नसते. औनेने दुकानातली एकेक बंदूक डोळे मिटून खांद्याला लावली आणि मग डोळे उघडून पाहिलं. जिची नळी नजर जाईल तिथेच गेलेली होती, ती तिने घेतली. त्या बंदुकीने मारलेला पक्षी ताटात येई तेव्हा त्याची चाळण झालेली नसे, आणि संध्याकाळी खांदा दुखत नसे. आणखी काय पाहिजे माणसाला?

पण हे तिचा दीर रैनो याला कोण सांगणार? रैनो लाकूडतोड्या, अंगाने धिप्पाड, आणि जीभ त्याहून धिप्पाड. दर ऑक्टोबरला पानगळ झाली की तो भावाकडे शिकारीला यायचा आणि दारातच सुरू व्हायचा. "काय वहिनी, डास मारायला निघालात का? फवारा देऊ?"

"भाऊजी, तुमच्या बारा बोरच्या तोफेने मागच्या वर्षी एक बर्चचं झाड पडलं. पक्षी किती पडले ते सांगा."

तिचा नवरा तौनो शिकारीला जात नसे. त्याचे गुडघे गेले होते. तो घरी वेलदोड्याचा पाव भाजायचा आणि दोघांचं भांडण ऐकत हसायचा.

औनेच्या घराचा एकच नियम होता. बाहेर पडायच्या आधी प्रत्येकाने खिसे स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिकामे करायचे. ज्याच्या हातात जी बंदूक, तिचीच काडतुसं परत खिशात जायची. नियम तिच्या बापाचा, एलिसचा. एलिसच्या डाव्या हाताला दोनच बोटं उरली होती. त्याच्या काळी काडतुसांचे रंग ठरलेले नव्हते. शेजाऱ्याचं वीस बोरचं काडतूस त्याच्या बारा बोरच्या नळीत गेलं, आत घसरलं आणि मधेच अडकलं. नळी रिकामी दिसली म्हणून त्याने मागून दुसरं घातलं आणि चाप ओढला. लोखंड फाटलं ते नेमकं डाव्या हातात. औने लहानपणापासून त्या दोन बोटांनी धरलेला कॉफीचा कप बघत आली होती.

पुढे कंपन्यांनी वीस बोरची काडतुसं पिवळीधमक करून टाकली. पण खिशात हात घालताना रंग कोण बघतो?

आणि यंदा रैनो म्हणाला, "वहिनी, पन्नाशी उलटून किती वर्षं झाली मला! माझे खिसे तपासता? मी काय शाळकरी पोर आहे?"

"तपासत नाही. तुम्हीच रिकामे करा."

"नाही करत."

औने दार अडवून उभी राहिली. तेव्हा तौनो ओव्हनपाशी बसूनच म्हणाला, "जाऊ दे गं. पाहुणा आहे. सुट्टीच्या दिवशी कशाला?" आणि ती बाजूला झाली. ही गोष्ट तिला आयुष्यभर सलणार होती.

दुपारी ओढ्याकाठच्या झुडपांत रैनोने एका पक्ष्यावर दोन बार उडवले. दोन्ही फुकट गेले. त्याने बंदूक मधल्या सांध्यात वाकवून उघडली आणि पुढे चाललेल्या कुत्रीवर नजर ठेवून खिशातून काडतुसं काढली, एक उजव्या नळीत, एक डावीत. औने हाताच्या अंतरावर होती. त्याचा हात दोनदा खिशात गेलेला तिने पाहिला.

टिली कुत्री थबकली आणि शेपूट ताठ करून उभी राहिली. तित्तिर फडफडत उठला. रैनोने चाप ओढला, नुसता टक आवाज आला आणि पक्षी गेला.

"च्यायला, भरलीच नाही वाटतं," असं पुटपुटत त्याने बंदूक उघडली. उजवी नळी रिकामी दिसली. त्याने बारा बोरचं लाल काडतूस त्यात सारलं आणि बंदूक बंद केली. टिली पुन्हा थबकली होती. दुसरा पक्षी तिथेच होता. रैनोने बंदूक खांद्याला लावली.

हात खिशात दोनदा गेला होता. मग पहिलं काडतूस गेलं कुठे?

औनेने त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने बंदुकीची कळ दाबली. बंदूक सांध्यात वाकून उघडी पडली.

"अहो वहिनी, पक्षी..."

"पक्षी गेला खड्ड्यात. काढ ती काडतुसं. दोन्ही." भाऊजी आणि अहो-जाहो एकदम गळून पडलं होतं.

तिने नळ्या आभाळाकडे धरल्या. डावीतून ढग दिसला. उजवीतून काहीच दिसेना. एक फांदी मोडून तिने नळीच्या तोंडाकडून आत घातली आणि ठोकली. पिवळं काडतूस बाहेर पडलं.

रैनो ओल्या ओंडक्यावर बसला.

"हे कुठून आलं?" औने म्हणाली.

"ऑगस्टमध्ये नवी बंदूक घेतली," तो खाली बघत म्हणाला. "वीस बोरची. खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाराची झेपत नाही. तिची काडतुसं याच जाकिटात राहिली. सकाळी खिसे टेबलावर रिकामे केले असते तर तुम्हाला दिसली असती. हसला असता."

"हसलेच असते. नाताळपर्यंत हसले असते. आणि तू दोन्ही हातांनी पाव खाल्ला असतास. कुठे आहे ती?"

ती गाडीत घोंगडीखाली होती. औनेने ती उचलली, रिकामी असल्याची खात्री केली, डोळे मिटून खांद्याला लावली आणि डोळे उघडले. दस्ता अक्रोडाचा, तोल हाताशी, ओझं म्हणून काही नाही. अशी निवड सगळ्यांना जमत नाही. त्यानेच तिचा राग आणखी भडकला.

"इतकी देखणी बंदूक," ती म्हणाली, "आणि तू ती चोरीच्या मालासारखी लपवलीस. लाज कसली वाटली? खांदा दुखतो याची, की वहिनीचं खरं होतं याची?"

रैनोने घोंगडीची घडी घातली.

संध्याकाळी घरी पाव टेबलावर होता. तौनोने कॉफी ओतत विचारलं, "मग? किती मिळाले?"

"पाच," औने म्हणाली.

तौनोने तिची पिशवी उघडून पाहिली. ती रिकामी होती. तेव्हा औनेने रैनोचा डावा हात धरला, पाचही बोटं पसरून टेबलावर पालथा ठेवला, आणि कितीतरी वेळ सोडला नाही.