पवित्र मातीच्या बरण्या

ओर्लिंदा रोज पहाटे पिकअप काढून कुठं जाते, याचं उत्तर तिच्या आईनं, क्लेओफासबाईंनी, अख्ख्या गावाला देऊन ठेवलं होतं: डोंगरापलीकडच्या चॅपेलात, प्रार्थनेला. खरं तर ती जायची शहरातल्या दवाखान्यात. पाठदुखीच्या गोळ्यांनी सुरुवात झाली, पुढं हेरॉईन आलं, आणि आता ते सोडवणारं औषध रोज नर्ससमोर प्यावं लागे. न्यू मेक्सिकोतल्या त्या खेड्यात पिकअपवरून माणूस ओळखतात. म्हणून आईची थाप, आणि वर हुकूम, की चर्चसमोरून जायचं नाही, मागच्या कच्च्या रस्त्यानं जायचं.

थाप अंगाशी आली. त्या चॅपेलातली माती दुखण्यांवर गुणकारी, अशी सगळ्यांची श्रद्धा. बायका बरण्या आणून देऊ लागल्या. आई त्या गुपचूप मागच्या अंगणातल्या मातीनं भरायची, आणि गुडघे बरे झाल्याचे निरोपही यायचे!

नाताळला मक्याच्या पानांत वाफवायच्या तामाल्या करायला बायका जमल्या होत्या. मक्याच्या पानांवर पीठ थापताना सेनाइदाकाकू म्हणाल्या, "ओर्लिंदा, माझ्या सुनेसाठी उद्या बरणीभर आण गं. नुसती झिजत चाललीय पोर."

सून मारिएला चुलीशेजारी घामाघूम बसली होती, तरी बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. त्यांखाली सुयांच्या खुणा असणार, हे ओर्लिंदानं ओळखलं. आता मात्र तिला खोटं बोलवेना.

"माती आमच्या अंगणातली आहे, काकू. मी चॅपेलात जात नाही. हेरॉईन सोडवतात त्या दवाखान्यात जाते."

"गप बस!" आई कडाडली. "लाज कोळून प्यायलीस काय?"

"बेलार्मिनोदादानं मेरीमातेपुढं दारू सोडायची शपथ घेतली, तेव्हा तू बकरा कापलास. आठवड्यात पुन्हा प्यायला लागला, तरी तो तुझा वाघ. मी रोज जातेय, तर माझी लाज?"

"मग तुझी पोरगी तूच सांभाळ. उद्यापासून मी नाही!"

घाव वर्मी बसला. दवाखान्यात मुलांना आत घेत नसत. दोन वर्षांच्या लिरियाला गाडीत एकटं ठेवलं, तर सरकारी माणसं तिला उचलून नेणार. औषध चुकलं, तर ओर्लिंदा पुन्हा खड्ड्यात. तरी तिनं शांतपणे हात पुसले.

"बरं. पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहीन. बघू कोण हाकलतंय."

पहाटे तिनं झोपलेल्या लिरियाला ब्लँकेटसकट गाडीत घातलं. गावाच्या वळणावर मारिएला कुडकुडत उभी होती. ओर्लिंदानं काच खाली केली.

"बरणी कुठंय?"

"बरणी नको. मलाच ने," मारिएला म्हणाली. "तू आत गेलीस की पोरीला मी धरते. मग मी जाईन, तू धर."

 ओर्लिंदानं दार उघडलं, लिरियाला मारिएलाच्या मांडीवर दिलं, आणि पिकअप सरळ चर्चसमोरून काढली.