शेवटच्या मॅचआधीची पंगत

गाढवपणा सगळेच करतात हो. पण गाढवपणा केल्यावर ज्याला चार जणांनी खांद्यावर उचलून मैदानभर नाचवलं, असा माणूस तुमच्या ओळखीत मी एकटाच असेन. चहा घ्या, सांगतो.

गोष्ट ड्रेस्डेनची. वर्ल्डकप नुकताच जर्मनीत होऊन गेला होता आणि जो तो फुटबॉलने झपाटलेला. मी तिथे मेकॅनिकलचं मास्टर्स करत होतो आणि युनिव्हर्सिटीच्या एका टीममध्ये होतो. ‘टीममध्ये आहे’ हे मी पुण्याला बाबांना फोनवर मोठ्या रुबाबात सांगायचो. टीममध्ये नक्की कुठे, ते सांगत नसे. बाकावर. अख्खा सीझन बाकावर! नेट बांधायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कुणाचा घोटा सुजला की बर्फ धरून बसायचं.

आदल्या वर्षी ही टीम लीगमध्ये तळाला होती. त्या वर्षी पोरांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. पहिली मॅच जिंकली, दुसरी जिंकली, तिसरी गुडघाभर चिखलात जिंकली. शेवटची मॅच उरली तेव्हा आम्ही दुसऱ्या नंबरवर होतो, आणि पहिल्या नंबरची टीम शेजारच्या शहरातून आमच्याच मैदानावर येणार होती. जिंकलो तर कप आमचा. बरोबरीसुद्धा चालणार नव्हती.

आमचा कॅप्टन येन्स. सव्वासहा फूट उंच आणि बोलणं मोजून मापून. आठवडाभर आधी म्हणाला, “मंदार, आपण तीन गोलांनी पुढे असलो तर शेवटची दहा मिनिटं तू खेळशील.”

पहिल्या नंबरच्या टीमवर तीन गोल चढवायचे म्हणजे काय पोरखेळ आहे? तरी मी बाबांना फोन करून टाकला.

“आल्झो, तर मग,” येन्स पुढे म्हणाला, “पाहुण्यांचं खाणं या वेळी तुझ्याकडे. ब्राटवुर्स्ट सॉसेजचा कंटाळा आलाय.”

यजमान टीमने पाहुण्या टीमला खाऊ घालायचं, अशी आमच्या लीगची पद्धत होती. खायला कधी घालायचं, ते येन्स बोलला नाही. जर्मन माणसाला ते सांगावं लागत नाही. खाणं मॅच झाल्यावर असतं. मला सांगायला हवं होतं, कारण त्याआधीच्या प्रत्येक मॅचनंतर ब्राटवुर्स्टच्या वेळी मी नेट सोडत बसलेलो असायचो.

ड्रेस्डेनला आमच्या सबनीसकाकू होत्या. काका तिथल्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. मी काकूंना शरण गेलो. बेत ठरला श्रीखंड, पुरी आणि बटाट्याच्या भाजीचा. तिकडचा क्वार्क म्हणजे आपला चक्काच, आयता डब्यात मिळतो. मी बिनचरबीचा उचलून आणला तर काकू म्हणाल्या, “अरे मंदार, पाहुण्यांना काय पथ्याचं श्रीखंड वाढणारेस? चाळीस टक्क्यांचा घेऊन ये. आणि वाढताना हात आखडू नकोस. परकी पोरं, लाजतात बिचारी.”

मॅचच्या दिवशी मी जेवणाचे डबे घेऊन एकटाच लवकर आलो होतो आणि नेट बांधत होतो. गाडीच्या वेळेमुळे पाहुणे दोन तास आधीच येऊन ठेपले. त्यांचा कॅप्टन टोबियास, तोच गोलकीपर. आता घरी पाहुणे आले की आपण काय म्हणतो?

“जेवून घ्या,” मी म्हणालो.

“नाइन, डांके,” टोबियास म्हणाला.

पाहुणा एकदा ‘नको’ म्हणाला म्हणून आपण डबा बंद करतो का? मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाइन. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो चक्रावला. त्या देशात नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा फक्त पोलीस विचारतात. त्याने घाबरून डब्यात डोकावलं.

“क्वार्क?”

“गेनाऊ, अगदी बरोबर. क्वार्क.”

त्याचा चेहरा उजळला. क्वार्क म्हणजे तिकडच्या खेळाडूंचा पौष्टिक खुराक. चमचाभर चाखतो म्हणाला. मग बाकीचेही बसले. आणि पाहुण्यांना एकटं जेवू देणं बरं दिसतं का? मीही बसलो.

आता नीट ऐका, खरी गंमत इथे आहे. जर्मन पोराला लहानपणापासून शिकवलेलं असतं की ताटात काही टाकायचं नाही. ताट रिकामं केलं की उद्या ऊन पडतं म्हणतात. आणि आपल्याला शिकवलेलं असतं की पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये. ते बिचारे सभ्यपणाने ताट संपवत होते, मी सभ्यपणाने वाढत होतो. कोण थांबणार? मी वाढायचो, ते घाम पुसून संपवायचे. टोबियास शेवटी ताटावर दोन्ही हात आडवे धरून बसला. तो लाजतोय असं वाटून मी बोटांच्या फटीतून एक पुरी सरकवली.

येन्स आला तेव्हा पहिल्या नंबरची टीम गवतावर आडवी पडली होती. दोघं घोरत होते.

“हे काय केलंस?” येन्सने विचारलं.

“पाहुणचार.”

“मॅचच्या आधी? मुद्दाम केलं म्हणतील. तक्रार केली तर कप गेला, मंदार. अख्खा सीझन गेला.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्या पोरांनी वर्षभर रक्त आटवलं होतं आणि मी ते श्रीखंडात बुडवलं. रडायचाच बाकी होतो. येन्स सरळ टोबियासकडे गेला, घडलं ते सांगितलं आणि मॅच दुसऱ्या दिवशी ठेवू या का म्हणून विचारलं.

“नाइन,” टोबियास ताडकन म्हणाला. म्हणजे ताडकन उठायला गेला, ते जमलं नाही. “आम्ही फिट आहोत.”

मी येन्सला म्हटलं, अजून दोनदा विचार. त्याने एकदाच विचारलं होतं. जर्मन तो जर्मन.

मॅच काय सांगायची? हाफटाइमला दोन-शून्य. मग तिसरा, मग चौथा. पाहुणे चेंडूमागे धावत नव्हते, चेंडू आपणहून जवळ येतोय का ते बघत होते. दहा मिनिटं उरली आणि येन्सने बाकाकडे बोट केलं. शब्दाचा पक्का माणूस. “मंदार, चल.”

ज्या क्षणासाठी वर्ष घालवलं तो आला, आणि मला बाकावरून उठवेना. दोघांनी धरून उभं केलं. मैदानावर मी चालत गेलो, चालतच राहिलो. शेवटच्या मिनिटाला येन्सने कमाल केली. चार जणांना चुकवून चेंडू अलगद माझ्या पायात आणून दिला. समोर गोल उघडा. टोबियास खांबाला पाठ टेकून बसलेला.

मी होती नव्हती ती ताकद लावून लाथ मारली. चेंडू निघाला, रमतगमत गेला आणि रेषेच्या वीतभर अलीकडे थांबला. मी चेंडूकडे बघत होतो, टोबियासही बघत होता. तिथपर्यंत जायचं दोघांतही त्राण नव्हतं. तेवढ्यात शिट्टी झाली.

चार-शून्य! कप आमचा. पोरांनी मला खांद्यावर घेतलं आणि नाचवायला लागली. “हळू, हळू,” मी कळवळून सांगत होतो, “पोटावर दाब देऊ नका.”

खाली उतरवल्यावर येन्सने विचारलं, “समोर गोल रिकामा होता. किती खाल्ल्यास रे?”

“चौदा पुऱ्या.”

खांबाला टेकलेल्या टोबियासने क्षीण आवाजात सांगितलं, “मी अकरा.”

अख्ख्या सीझनमध्ये मी कुणाला हरवलं असेल तर तेवढंच.